अधिक प्रेमसिंगचं, उनं चंपतचं

अकोल्याच्या आयटीआयतून ड्राफ्ट्समन होऊन मी वाशिमले आलो, तवा माह्या डोक्यात एवढी हवा होती का सायकलच्या चाकात भरली असती त रिठदपावतर पंप लागला नसता. रिठद माहं गाव. आमच्या बौद्धवाड्यात खिशाले पेन लावनारे दोघं-तिघं होते, पन पेन्सिलीले ब्लेडनं टोक काहाडून ते वाळूच्या कागदावर घासनारा मी एकटाच. माय शेजारनीले सांगे का माहा देवमन मशिनीचे फोटो काहाडते. म्या तिले कवा दुरुस्त केलं नाही. फोटो त फोटो, नाव त होऊन राह्यलं होतं.

नोकरी लागली ते दौलतरावच्या शेडमंदी. दौलतराव मानूस माळ्याचा, घरचा वांग्या-मिरच्याचा मळा. भाजी इकता इकता त्याहीनं वाशिमच्या बाहेर सडकेच्या कडंले टिनाचं शेड ठोकलं अन् त्यात पत्र्याचं काम सुरू केलं. बादल्या, झाऱ्या, जवारीच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या. तिथं ड्राइंग नावाची गोष्ट कोनी पाह्यली नव्हती. प्रेमसिंग नावाचा म्हातारा कारागीर जुनी पेटी समोर ठिवे अन् तिच्यावानी नवी करे. प्रत्येक पेटी आपल्या मनानं थोडी लहान-मोठी होये, पन तिचं झाकन तिच्याच अंगावर ठोकून बसवलेलं राहे, म्हून कोनाचंच कायी अडे नाही.

अडलं ते कारंज्याच्या एका व्यापाऱ्यामुळं. त्यानं लगीनसराईसाठी पेट्यांची मोठी खेप मांगतली अन् अट घातली का साऱ्या एका मापाच्या पाह्यजे, कोनतंबी झाकन कोनत्याबी पेटीले बसलं पाह्यजे. हे आयकून दौलतरावले घाम फुटला अन् त्याहीनं मले बोलावलं. शहात्तर सालची गोष्ट हाय. त्याहीनं माहं सर्टिफिकेट उलटं-सुलटं पाह्यलं अन् म्हनले का ही खेप सुदी गेली त तुले पक्कं करतो, नाहीत रिठदची गाडी तुले मालूमच हाय.

आता पक्कं होनं मले कायले पाह्यजे होतं ते सांगतो. कामरगावच्या भिवाजी गुरुजीची पोरगी, विमल. कारंज्याले बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात तिचं भाषन आयकलं होतं म्या. माईक बंद पडला तरी ती थांबली नाही, तशीच मोठ्यानं बोलत राह्यली, अन् मांगच्या रांगेत बसून माही अक्कल तिथंच गहान पडली. मॅट्रिक झाली होती, बालवाडीत शिकवे. मले ती लय आवडली होती, यात लपवाचं काय हाय? माह्या मामानं गोष्ट काहाडली तवा गुरुजी म्हनले, पोरगं चांगलं हाय, नोकरी पक्की झाली का सुपारी फोडू. म्हंजे हिशोब सरळ होता. झाकन पेटीवर बसलं का मी पक्का, मी पक्का झालो का विमल रिठदची सून. माह्या अख्ख्या संसाराचं भवितव्य टिनाच्या झाकनावर येऊन बसलं होतं, अन् ते झाकन मी काहाडनार होतो. म्हून मले जराबी काळजी नव्हती.

म्या कागद तानून बसवला, टी-स्क्वेअर लावला अन् पेटी काहाडली. समोरून पेटी, वरून पेटी, बाजूनं पेटी. झाकन बी तसंच. मापाच्या रेघांचे बान असे बारीक का माशीचे पाय वाटावं. पेटीची लांबी सहाशे. झाकनाची लांबी सहाशे. झाकन त्याच पेटीचं हाय, मंग माप दुसरं कायले देवाचं, एवढा खोल माहा इचार. पत्र्याले जाडी असते, तो वाकवला का मापात फरक पडते, अन् माप आतल्या अंगाचं हाय का बाहेरच्या अंगाचं हे सांगा लागते, हे आयटीआयत शिकवलं होतं. त्या तासाले मी हजर बी होतो. पन पत्रा तो काय, भाकरीच्या पापुद्र्याएवढा, म्हून म्या सारी पेटी एकाच रेघेनं काहाडली. रेघेले ना आत असते ना बाहेर. मंग हरेक मापापुढं अधिक अन् उनं असं एकाखाली एक चिन्ह काहाडून दोन लिवलं. याले टॉलरन्स म्हनते. माप तंतोतंत आलं नाही, दोन मिलिमीटर जास्ती नाहीत कमी आलं, तरी चालन, एवढी सूट. आयटीआयतले सर म्हनत का टॉलरन्स देनं हे मोठ्या मनाचं लक्षन हाय. म्या मोठ्या मनानं साऱ्यालेच देल्लं. खाली कोपऱ्यात लिवलं का सगळे मापं मि.मी. मंदी, अन् त्याच्या बाजूले मापापेक्षा मोठी सही ठोकली.

प्रेमसिंगले वाचता येत नव्हतं. चंपत म्हून दुसरा कारागीर होता, त्याले येये, पन तो टिंबं सोडून वाचे. त्यानं कागद डोयापुढं धरला अन् प्रेमसिंगले सांगतलं का साहेबानं खाली 'मी मी' लिवलं हाय. प्रेमसिंग म्हने, असन बा, शिकेल मानूस हाय. तवापासून शेडमंदी माहं नाव मीमी साहेब पडलं. तोंडावर कोनी म्हने नाही, पन सडकेनं बकरी ओरडत गेली का दोघंबी माह्याकडं पाहे.

मंग त्या दोघांनी इचारलं का हे बेरीज-वजाबाकीचं चिन्ह एकाच्या बोकांडी एक काहून बसवलं. मी त्या वक्ती दौलतरावले समजावून सांगून राह्यलो होतो का माह्यावानी मानूस मुंबईले असता त मोटारीचे ड्राइंग काहाडले असते. म्या मान न वळवता सांगतलं का दोन जास्ती बी चालते अन् दोन कमी बी चालते, दोघंबी बरोबर हाय. दोघंबी. हाच शब्द वापरला म्या. अन् ते बिचारे दोघंच होते.

त्याहीनं बसून वाटनी केली. पेट्या प्रेमसिंग करनार अन् झाकनं चंपत करनार, हे आधीच ठरेल होतं. चिन्हं बी दोन हाय अन् मानसं बी दोन. प्रेमसिंग वयानं मोठा, म्हून अधिक त्याच्याकडं. चंपत लहान, म्हून उनं त्याच्याकडं. अन् साहेबानं हातानं देल्लेलं अर्धं घेनं बरं दिसत नाही म्हून दोघांनीबी आपापला वाटा पुरा घेतला. पेटी पाहा त सहाशे दोन, झाकन पाहा त पाचशे अठ्ठ्यान्नव. एक बी नग माह्या कागदाच्या बाहेर गेला नाही. रोज संध्याकाळी मी फुटपट्टी घेऊन मोजे, अन् खडूनं बरोबरची खून करे. पेट्यांची रास एकीकडं, झाकनांची दुसरीकडं. एकाद्या पेटीवर एकादं झाकन ठिवून पाहाचं, हे माह्या मनात आलं नाही. बरोबर अधिक बरोबर म्हंजे बरोबरच होईन, यात पाहाचं काय हाय?

त्या रविवारी वाशिमचा बाजार होता. भिवाजी गुरुजी अन् विमल दोघंबी बाजाराले आल्ते, अन् जाता जाता पोराचं काम पाहून घेऊ म्हून शेडवर आले. म्या जयभीम केला अन् पट्टकन कानावर पेन्सिल ठिवली. दौलतराव बी खुशीत होते, कारन दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी येनार होती. त्याहीनं पाव्हन्यांसाठी चहा मांगवला. विमलनं शेडभर नजर फिरवली अन् इचारलं का या राशीतली एक पेटी मले बी पाह्यजे, चालन का. चालन का म्हंजे काय? म्या रुबाबात प्रेमसिंगले सांगतलं का एक पेटी घे, एक झाकन घे, कोनतंबी घे, अन् मांगच्या अंगाले बिजागऱ्या लावून आन.

बिजागऱ्यांचे रिबिट ठोकताना प्रेमसिंग जरा कुरकुरला. त्याच्या तोंडाकडं पाहाले मले फुरसत नव्हती. विमलच्या हाती बाजारातून घेतलेलं पातळ होतं, जांभळं, काठाले पिवळी रेघ. बालवाडीच्या पगारातून पयल्यांदा सोतासाठी घेतलं होतं तिनं. घडी न मोडता पेटीत मावते का ते पाहाले तिनं ते आत ठिवलं. बरोबर मावलं. ती हासली. म्या म्हनलं, आता पाहा, अन् झाकन खाली आनलं.

झाकन अर्ध्या बोटावर येऊन थांबलं. म्या दाबलं. ते तिथंच अडून राह्यलं. नवा पत्रा हाय, जरासा ताठ राह्यतेच, असं म्या गुरुजीले हासत हासत सांगतलं अन् झाकनावर बसलो. मंग बुड उचलून परत बसलो. लग्नाच्या पोरीपुढं मी टिनाच्या पेटीवर उठ-बस करून राह्यलो होतो, अन् मले वाटे का आपला लय प्रभाव पडून राह्यला. शेवटी चंपतनं मोगरी आनून चहूबाजूनं ठोकली, तवा खट असा आवाज आला अन् झाकन बसलं. असं बसलं का सुईचं टोक जाईन एवढी बी फट नाही. दौलतराव वा म्हनले. गुरुजीनं मान हालवली.

मंग विमलनं ते उघडाले हात लावला.

उघडनार कसं? पाचशे अठ्ठ्यान्नवच्या पोटात सहाशे दोन कोंबेल होतं. तिनं ओढलं, म्या ओढलं, मी अन् चंपतनं दोन्हीकडून धरून ओढलं. प्रेमसिंगनं छन्नी लावली त पत्रा वाकला, पन झाकन हाललं नाही. दौलतरावनं घाईघाईनं राशीतली दुसरी पेटी घेतली, दुसरं झाकन लावून पाह्यलं, तिसरं लावून पाह्यलं. सारे अर्ध्या बोटावर थांबले. त्याहीचं तोंड पाहून मले समजाले पाह्यजे होतं का आता तोंड बंद ठिवाचं. पन मी कोन? मीमी साहेब. म्या कागद काहाडला, फुटपट्टी काहाडली, अन् बंद पेटी सोडून राशीतली एक पेटी मोजून दाखवली. सहाशे दोन. बरोबर. एक झाकन मोजून दाखवलं. पाचशे अठ्ठ्यान्नव. बरोबर. गुरुजी गनिताचे मास्तर, त्याहीले चिन्ह समजलं. ते म्हनले का हिशोबानं त पोरगं चुकलं नाही. हे आयकून माही छाती अजून फुगली. म्या त्या बंद पेटीवर थाप मारली अन् जाहीर केलं का ड्राइंगप्रमानं ही पेटी पास हाय.

विमलनं माह्याकडं पाह्यलं. रागानं नाही पाह्यलं, तेच त मले समजलं नाही तवा. बालवाडीतल्या लेकराले इचारावं तसं तिनं इचारलं.

"पास झाली न? मंग माहं पातळ काहाडून द्या."

प्रेमसिंगनं पत्र्याची कात्री घेतली अन् पेटीचं पोट फाडलं. पातळ निंगालं, पन काठाले कात्रीचं टोक लागून गेल्तं. तिनं ते फाटेल जागी बोट लावून पाह्यलं, घडी केली अन् पिशवीत टाकलं. अन् मी काय करून राह्यलो होतो? मी गुरुजीले सांगून राह्यलो होतो का यात डिझाइनची चूक नाही. खरं सांगतो, कोनी त्या वक्ती माह्या तोंडात बोळा कोंबला असता त आज मी त्याचे पाय धुतले असते.

चार-आठ दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. गुरुजीची ना नव्हती, ते म्हने पोरगं हुशार हाय. पोरगीच नाही म्हनली. मामानं तिचे शब्द जसेच्या तसे सांगतले, कारन ते त्याले बी झोंबले होते.

"समोर पेटी उघडून नाही राह्यली, अन् हा मानूस म्हनते बरोबर हाय. उद्या घरात मी रडत बसली तरी हा फुटपट्टी घेऊनच येईन."

मले राग आला. पयले प्रेमसिंगचा आला, मंग चंपतचा, मंग आयटीआयतल्या सरचा, अन् शेवटी त्या व्यापाऱ्याचा बी, का याले एकाच मापाच्या पेट्या कायले पाह्यजे होत्या. दौलतरावनं त्याची गाडी रिकामी परत पाठवली होती अन् हातापाया पडून मुदत वाढवून घेतली होती. मले काहाडलं नाही, कारन ते म्हनले का हा घान ज्यानं केला त्यालेच निस्तरू दे. मी रोज त्या फाडलेल्या पेटीपुढं बसे. तिचं वाक्य डोक्यातून जाये नाही. ड्राइंगकडं पाहून मी म्हनो का पेटी बी बरोबर हाय अन् झाकन बी बरोबर हाय. मंग पेटीकडं पाहे त ती तशीच, पोट फाटेल.

अन् एका दुपारी, जेवनाचा डबा उघडता उघडता, माही ट्यूब पेटली. डब्याच्या झाकनात अन् डब्यात थोडी जागा होती. एवढीशी. म्हून त भाकर माह्या पोटात जाऊन राह्यली होती. दोघाले एकच माप देल्लं, अन् दोघाले बी जास्ती व्हाची अन् कमी व्हाची मोकळीक देल्ली, त त्याहीनं राहाचं कुठं? मंधात जागा कोनासाठीच ठिवली नव्हती म्या. हे काय लय मोठं शास्त्र नाही. आयटीआयतल्या पयल्या वर्षाचं हाय. पन माह्यावानी मानसाले ते समजाले एक सोयरीक मोडा लागली.

म्या नवा कागद तानला. पत्रा दोन रेघांनी काहाडला, आतली वेगळी अन् बाहेरची वेगळी. पेटीचं माप बाहेरच्या अंगाचं देल्लं, सहाशे, अन् लिवलं का याच्यापेक्षा कमी चालन, जास्ती चालनार नाही. झाकनाचं माप आतल्या अंगाचं देल्लं, सहाशे तीन, अन् लिवलं का याच्यापेक्षा जास्ती चालन, कमी चालनार नाही. मंग प्रेमसिंग अन् चंपत दोघाले जवळ बसवलं अन् एक एक माप बोटानं दाखवून सांगतलं. प्रेमसिंगनं इचारलं का म्हंजे आता उनं माह्याकडं अन् अधिक चंपतकडं का. म्या म्हनलं, हो. त्याले ते आवडलं नाही. इतक्या वर्साचा मोठा कारागीर अन् त्याच्या वाट्याले उनं. दोन दिवस तो माह्यासंगं बोलला नाही. पन तिसऱ्या दिवशी कोनतंबी झाकन कोनत्याबी पेटीवर एका बोटानं बसे अन् एका बोटानं उघडे, अन् तो सोताच उघड-झाप करत बसला होता.

जुन्या झाकनांच्या कडा मोकळ्या करून, काही नव्यानं करून, खेप गेली. दौलतरावनं मले पक्कं केलं. म्या त्याच संध्याकाळी मामाले कामरगावले धाडला. सांगाले सांगतलं का नोकरी पक्की झाली, अन् हे बी सांग का चूक ड्राइंगचीच होती, माहीच होती, देवमननं सोता म्हनलं. मामा दुसऱ्या दिवशी परत आला अन् आमच्या रिठदच्या ओट्यावर बसून बराच वेळ जोडे काहाडत राह्यला. कारंज्याच्या एका लाइनमनसंगं तिचं साक्षगंध झालं होतं, आठ दिवसापयले. मी मायले म्हनलं का भूक नाही. माय म्हने, मशिनीचे फोटो काहाडून डोकं दुखलं असन. मी मोरीजवळ जाऊन तोंड धुतलं, उगीचच, पुन्हा पुन्हा. लय रडाले येऊन राह्यलं होतं अन् घरात दुसरी जागा नव्हती.

लगीनसराईच्या तोंडाले भिवाजी गुरुजी एकटेच शेडवर आले. जयभीम झाला. ते मले डोयाले डोया देऊन राह्यले नव्हते, अन् मी त्याहीले. पेटी पाह्यजे होती, पोरीच्या लग्नाची. कारंज्याच्या बाजारात याच पेट्या ढिगानं मिळत होत्या, जवळ बी होतं. म्या इचारलं का एवढ्या दूर कायले आले.

"विमल म्हने, शेडवरूनच आना," गुरुजी बोलले. "म्हने, आता त्याहीचं झाकन उघडत असन."

म्या राशीतली एक पेटी निवडली. मंग ती ठिवली अन् दुसरी निवडली. कोनतीबी चालली असती, सारख्याच होत्या, तोच त माहा पराक्रम होता. आत हात फिरवून पाह्यला का कुठं पत्र्याची धार राह्यली असन त पातळ फाटन. कानस घेऊन चारी कडा घासल्या, घासेल असूनही परत घासल्या. चंपत दुरून पाहून राह्यला होता. झाकन लावलं, उघडलं. एका बोटानं उघडलं.

कामरगावची एसटी सडकेवर उभी राह्यली. पेटी टपावर टाकाची होती, अन् गुरुजी म्हनले का वाटंनं हादऱ्यानं झाकन उघडन, सुतळी बांधून दे. म्या टपावर चढलो, पेटीले आडवी-उभी सुतळी घातली अन् जोर लावून गाठ मारली. कंडक्टरनं खालून घंटी मारली. तरी म्या ती गाठ सोडली अन् जराशी सैल मारली, तिच्या हातानं सुटाले पाह्यजे म्हून.